घामात चरबी नसते

घाम निघाला नाही तर व्यायाम फुकट गेला, ही समजूत आपल्याकडे इतकी मुरली आहे की तिला कुणी मत म्हणत नाही, अनुभव म्हणतात. पुण्यात पर्वतीच्या पायऱ्या ऐन एप्रिलमध्ये विंडचीटरची चेन गळ्यापर्यंत ओढून चढणारी माणसं दिसतात. व्यायामशाळेत कुणी पंखा लावला की कोपऱ्यातून आवाज येतो, "बंद कर रे, घाम जिरतोय." पोटाला काळा रबरी पट्टा आवळून ट्रेडमिलवर चालायचं, मधे पाणी प्यायचं नाही, शेवटी वाफेच्या खोलीत बसायचं आणि बाहेर येऊन वजनकाट्यावर उभं राहायचं, असा त्याचा एक विधीच ठरून गेला आहे. काटा सातशे ग्रॅम कमी दाखवतो आणि श्रद्धा आणखी पक्की होते.

माझं म्हणणं असं की घाम येण्याने चरबी कमी होत नाही. व्यायामाच्या वेळी दोन्ही गोष्टी एकत्र घडतात, एवढाच त्यांचा संबंध. आणि ही समजूत निरुपद्रवी म्हणून सोडून देण्यासारखीही नाही. घाम गाळून वजन उतरवण्याच्या नादात धडधाकट तरुण मेले आहेत.

प्रतिपक्ष दुबळा करून मांडायचा आणि मग लोळवायचा, यात काही पुरुषार्थ नाही. घामवाद्यांची बाजू वाटते तितकी कच्ची नाही. ते काट्याचा पुरावा देतात. पैलवान-बॉक्सरांचा दाखला देतात: ज्यांचं सगळं आयुष्य वजनगटावर चालतं ती माणसं घाम गाळूनच वजन उतरवतात, त्यांना काय कळत नाही? आयुर्वेदाचा आधार देतात: स्वेद हा मेदाचा मल, असं ग्रंथांत स्पष्ट सांगितलं आहे. आणि त्यांच्यातले विज्ञान शिकलेले उष्णतेचा हिशेब मांडतात: जितके श्रम जास्त तितकी उष्णता जास्त, तितका घाम जास्त, तेव्हा घाम हे जळालेल्या चरबीचं माप धरायला हरकत काय?

आधी काटा घेऊ. काटा किती गेलं ते सांगतो, काय गेलं ते त्याला ठाऊक नसतं. सत्तर किलोचा माणूस तासभर झपझप चालला तर साधारण ३०० कॅलरी खर्च होतात. ही सगळी ऊर्जा चरबीतूनच आली असं त्याच्या बाजूने धरू. तशी ती येत नाही, बराच वाटा स्नायूंतल्या ग्लायकोजेनचा असतो, पण धरू. एका ग्रॅम चरबीत ९ कॅलरी, म्हणजे चरबी गेली ३३ ग्रॅम. काट्यावरचे बाकीचे साडेसहाशे ग्रॅम हे जवळजवळ सगळं पाणी. घामात सुमारे नव्व्याण्णव टक्के पाणी असतं; उरलेल्यात मुख्यतः मीठ, थोडं पोटॅशियम, युरिया, लॅक्टेट. घामेजलेलं कपाळ तेलकट लागतं, हे खरं. पण ते तेल त्वचेतल्या तैलग्रंथी तिथल्या तिथे तयार करतात. पोटावरच्या वळ्यांतून झिरपत ते कपाळापर्यंत आलेलं नसतं. घरी जाऊन दोन तांबे पाणी प्यायलं की काटा पुन्हा जागेवर.

तो काळा पट्टा एकदा जवळून बघावा. सोडला की आतून पाण्याचे ओघळ येतात. खालची कातडी पांढुरकी, सुरकुतलेली असते, कडांचे वळ उठलेले असतात, बऱ्याच जणांना घामोळं आलेलं असतं. लगेच टेप लावली तर कंबर अर्धा इंच कमी भरते, कारण तासभर आवळून धरलेला भाग दबलेला असतो. रात्री जेवणाआधी तीच टेप लावा, अर्धा इंच परत आलेला असेल. शिवाय शरीर चरबी काढतं ती रक्तावाटे, सगळीकडून. पट्टा कुठे बांधला आहे हे त्याला कळत नाही आणि कळून उपयोगही नाही.

मग चरबी जाते तरी कुठे? या प्रश्नाचं नेटकं उत्तर २०१४ साली ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या रूबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राऊन या दोघांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये दिलं. त्यांनी नवा शोध लावला नव्हता; शाळेत शिकवतात तसं रासायनिक समीकरण जुळवून अणूंचा हिशेब केला होता. चरबीच्या सरासरी रेणूत कार्बनचे ५५, हायड्रोजनचे १०४ आणि ऑक्सिजनचे ६ अणू. हा रेणू पूर्ण जळला की त्याचा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं. दहा किलो चरबी गेली तर ८.४ किलो कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने उच्छ्वासावाटे जाते आणि १.६ किलोचं पाणी होतं. हे पाणी लघवी, घाम, श्वासातली वाफ, कुठूनही बाहेर पडतं. गंमत अशी की चरबी कुठे जाते, हे त्यांनी डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि व्यायाम शिकवणाऱ्यांना विचारलं तेव्हा बहुतेकांनी "तिची ऊर्जा होते, उष्णता होते" असं उत्तर दिलं. वस्तुमान असं हवेत विरत नाही, हे सगळ्यांनीच शाळेत घोकलेलं असतं.

इथे एक पळवाट आधीच बुजवलेली बरी. चरबी उच्छ्वासातून जाते म्हणून भराभर श्वास सोडून ती घालवता येत नाही. पेशींनी जेवढा कार्बन डायऑक्साइड तयार केला तेवढाच बाहेर टाकता येतो. बसल्या जागी जोरजोरात फुंकलं तर रक्तातलं त्याचं प्रमाण खाली येतं आणि घेरी येते, बाकी काही होत नाही. कपालभातीचे दुसरे फायदे ज्यांना मिळत असतील त्यांना मिळोत. चरबी तिने झडत नाही.

आता पैलवान. हा दाखला घामवाद्यांना सगळ्यात आवडतो, आणि त्यांचं म्हणणं सगळ्यात जास्त पाडतो तोही हाच. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अमन सेहरावतने ५७ किलो गटात कांस्यपदक मिळवलं. उपांत्य फेरीनंतर त्याचं वजन मर्यादेच्या बरंच वर गेलं होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वजन द्यायचं होतं. रात्रभर मॅटवर सराव, गरम पाण्याचं स्नान, ट्रेडमिल, सॉना असं करत त्याने सुमारे दहा तासांत ४.६ किलो उतरवले. आता हिशेब करा. शरीरातल्या एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. हे ४.६ किलो चरबीचे असते तर त्या एका रात्रीत त्याला पस्तीस हजारांवर कॅलरी जाळाव्या लागल्या असत्या. रोज अडीच हजार कॅलरी खाणाऱ्या माणसाचं हे चौदा दिवसांचं अन्न. जगातला कुठलाच पैलवान एका रात्रीत हे करू शकत नाही. गेलं ते जवळजवळ सगळं पाणी. हे पैलवानाला आणि त्याच्या प्रशिक्षकाला पुरतं ठाऊक असतं. त्यांना चरबी घालवायची नसतेच. काट्यावर त्या क्षणी एक आकडा दिसायला हवा असतो. वजन दिलं की मिठाचं पाणी, केळी, भात सुरू. तेव्हा पैलवानाकडे बोट दाखवून "बघा, घामाने वजन उतरतं" म्हणणाऱ्याने पुढचं वाक्यही म्हणावं: आणि दुपारपर्यंत परत चढतं.

त्याच पॅरिसमध्ये विनेश फोगाटचं काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल. पहिल्या दिवशी ५० किलोत बसली, तोवर आंतरराष्ट्रीय कुस्तीत न हरलेल्या जपानच्या युई सुसाकीला हरवलं, अंतिम फेरीत पोचली. कुस्त्यांच्या मधे खाल्लंप्यायलं ते वजन रात्री अंगावर होतं. रात्रभर घाम काढला, अन्नपाणी बंद, शेवटी केससुद्धा कापले. ७ ऑगस्टच्या सकाळी काटा १०० ग्रॅम जास्त निघाला आणि ती बाद झाली. त्या घटनेवर आपल्याकडे कटकारस्थानापासून नशिबापर्यंत सगळं बोललं गेलं. शरीरशास्त्राच्या अंगाने फारच थोडे बोलले. पाणी एका मर्यादेपर्यंतच निघतं. त्यानंतर रक्ताचं आकारमान कमी होतं, त्वचेकडचा रक्तपुरवठा आटतो आणि घाम यायचाच बंद होतो; उरलेल्या शंभर ग्रॅमसाठी कितीही पळा. तिथे घाम हे चरबीचं रूप असतं तर ते शंभर ग्रॅम सहज मिळाले असते.

हे पदकापुरतं थांबत नाही. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेत महाविद्यालयीन कुस्तीतले तीन तरुण साधारण महिनाभरात मेले. तिघेही वजन उतरवत होते: तापवलेली खोली, अंगात हवा न जाणारा पोशाख, पाणी बंद, आणि वर व्यायाम. आपला विंडचीटरवाला जे करतो तेच, मात्रा जास्त. त्यानंतर तिथल्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने रबरी पोशाख, सॉना, तापवलेल्या खोल्या, लघवी वाढवणारी औषधं, सगळ्यांवर बंदी घातली. २०१५ मध्ये मिश्र युद्धकलांचा एक चिनी खेळाडू वजन उतरवतानाच कोसळला आणि गेला. त्यानंतर त्या स्पर्धेच्या आयोजकांनी खेळाडूच्या लघवीची घनता तपासून त्याच्या अंगात पाणी पुरेसं आहे ना, हे बघायला सुरुवात केली.

आपल्याकडे अशी तपासणी सहसा कुठे दिसत नाही. जिल्हा निवड चाचणीच्या आदल्या दुपारी एखाद्या तालमीत डोकावून बघा. पंधरा-सोळा वर्षांचं पोरगं दोन स्वेटर आणि वर ट्रॅकसूट घालून उन्हात दोरीवरच्या उड्या मारत असतं. ओठ पांढरे पडलेले. कुणी पाणी दिलं तर चूळ भरून थुंकून टाकतं, तोंडात लिंबाची फोड धरून उरलीसुरली लाळही थुंकतं. दुसऱ्या दिवशी वजन दिल्या दिल्या घटाघटा पाणी पितं, आणि कित्येकदा ते उलटून पडतं. मग तासाभरात कुस्ती. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के पाणी गेलं तरी दमसास उतरतो. या पोराचं पाच-सहा टक्के गेलेलं असतं. हरलं तर वस्ताद म्हणतो, खुराक कमी पडला.

आणि याला आपली परंपराही म्हणता येत नाही. गावच्या जत्रेतल्या मैदानात जोड लावली जाते ती नजरेने: अंगलट, वय आणि नाव बघून. तिथे काटा नसतो, म्हणून पाणी तोडायची गरजही नसते. हे खूळ वजनगटांबरोबर आलं. त्यातही सगळे त्याच्या नादी लागले असं नाही. खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ५२ किलोत खेळून सहावे आले होते. १९५२ ला हेलसिंकीत ५७ किलोत उतरले आणि पदक आणलं. अंगात भर पडल्यावर वरच्या गटात जाणं, हाही एक मार्ग असतो.

आता शास्त्राधार. इथे मला घामवाद्यांशी जास्त भांडायचं आहे, कारण ते अर्धं वाक्य घेऊन येतात. स्वेद हा मेदाचा मल, हे खरंच ग्रंथांत आहे. पण मल कधी निपजतो? त्या विचारपद्धतीत एकेका धातूचं पोषण होताना त्याचा मल मागे उरतो. म्हणजे मेद घडताना स्वेद होतो. मेद वितळून तो स्वेद बनतो असं तिथे म्हटलेलं नाही. ही माझी ओढाताण वाटत असेल तर चरकाने अतिस्थूल माणसाचे जे आठ दोष सांगितले आहेत ते काढून बघा. त्यांत घामाचा त्रास हा एक दोष आहे. घामाने मेद झडत असता तर ज्याला सगळ्यात जास्त घाम येतो तो स्थूल माणूस आपोआप सडपातळ झाला असता. चरकाला तसं काही दिसलं नाही. पुढे जाऊन, स्वेदन कुणाला देऊ नये याची जी लांबलचक यादी चरकाने केली आहे, तिच्यात थकलेला, भुकेला, तहानलेला यांच्याबरोबर स्थूल माणूसही आहे. वजन कमी करण्यासाठी वाफ घ्या आणि तीही आयुर्वेदाच्या नावाने, असं सांगणाऱ्या केंद्रचालकांनी ही यादी भिंतीवर लावावी.

चरकाच्या स्वेदनाच्या त्याच अध्यायात अग्नीशिवाय घाम आणणाऱ्या दहा गोष्टी दिल्या आहेत. व्यायाम आहे, जाड पांघरूण आहे, ऊन आहे, लढाई आहे. आणि भीती आणि क्रोधही आहेत. घामाने माणूस बारीक होत असता तर आपल्या कार्यालयांतले निम्मे कारकून काडीसारखे दिसले असते.

सुश्रुताने तर व्यायामाचं मापच वेगळं घेतलं आहे. व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा असं तो सांगतो, आणि अर्धी शक्ती कशी ओळखायची तर श्वास तोंडाने घ्यावा लागेल इतका वाढला की. त्याने खूण धरली ती श्वासाची. पुढच्या काळात कपाळ, नाक, काख इथे घाम येणं हीही लक्षणं सांगितलेली सापडतात, पण ती थांबण्याची लक्षणं म्हणून. तिथून पुढे घामाच्या बादल्या भरा असं कुणी म्हटलेलं नाही. सुश्रुताला कार्बन डायऑक्साइडची रसायनं ठाऊक होती असला दावा मी करणार नाही, ती हौस दुसऱ्यांना आहे. निरीक्षण मात्र पक्कं होतं. आजचे प्रशिक्षकही सांगतात की व्यायाम करताना वाक्य बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतपत जोर मध्यम समजावा. दोन्ही मापं श्वासाचीच.

राहिला उष्णतेचा हिशेब. तो अर्धा खरा आहे. स्नायू जेवढी ऊर्जा वापरतात तिचा जेमतेम चतुर्थांश कामी येतो, बाकीची उष्णता होते, आणि ती घालवायला घाम येतो. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्ण वाफ होऊन उडाला तर सुमारे ५८० कॅलरी उष्णता बरोबर नेतो. हा आकडा वाचून शिकलेली माणसं फसतात: म्हणजे लिटरभर घामाला ५८० कॅलरी जळाल्या! नाही. ती उष्णता व्यायामातून आली, उन्हातून आली की शेजारच्या भट्टीतून, घामाला फरक पडत नाही. दुपारी दोनला चंद्रपूरच्या रस्त्यावर नुसता उभा राहिलेला माणूस सूर्याची उष्णता घामाने परतवत असतो. त्यात त्याची चरबी कशाला जळेल? उलट मुंबईच्या दमट हवेत घाम उडतच नाही, नुसता ओघळतो. ओघळलेला घाम अंग थंड करत नाही, म्हणून शरीर आणखी घाम सोडतं. विदर्भात कोरड्या हवेत घाम आल्याआल्या उडतो, शर्ट कोरडा राहतो आणि माणूस समजतो आपल्याला घाम कमी येतो. प्रत्यक्षात तो जास्त पाणी गमावत असतो. पोहणाऱ्याचा घाम तर दिसतच नाही. आणि सरावलेल्या माणसाला नवख्यापेक्षा घाम लवकर आणि जास्त येतो, कारण त्याच्या शरीराने उष्णता घालवायला शिकून घेतलेलं असतं. हवामान, कपडे, सराव यांनी जे माप रोज बदलतं त्याला माप म्हणता येत नाही.

मग धरायचं काय? मंडनाची बाजू खंडनापेक्षा कंटाळवाणी आहे, त्याला इलाज नाही. चरबी जाते ती आठवड्यांच्या हिशेबाने, खाण्यातून मिळणाऱ्या ऊर्जेपेक्षा खर्च जास्त राहिला तरच. दिवसाला पाचशे कॅलरींची तूट सांभाळली तर आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास, आणि पुढे हा वेग मंदावतो. ही तूट पायांपेक्षा ताटात जास्त सहज साधते. तासभर चालून जे कमावलं ते एका वडापावात साधारण परत येतं. चरकाने स्थूलासाठी सांगितलेलं अन्न बघा: पचायला वेळ घेणारं, पण अंगावर न चढणारं. जव, कोदरा, मूग, कुळीथ. कुळथाचं पिठलं आणि भाकरी खाऊन उठलेल्याला दोन तासांनी बिस्किटाचा पुडा आठवत नाही, एवढं तर कोकणात कुणीही सांगेल. पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरले म्हणून हुरळून जाऊ नये; ग्लायकोजेन शरीरात साठतं ते आपल्या तिप्पट पाणी धरून, आणि खाणं कमी केलं की आधी ते दोघं जातात. व्यायामात जोर-बैठका किंवा वजनं ठेवावीत, म्हणजे तुटीच्या काळात शरीर स्नायू खात नाही. आणि त्या स्नायूंसाठी डाळी, उसळी, दूध, अंडी यांत हात आखडू नये. माप घ्यायचं तर कमरेचं, महिन्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी. भारतीय पुरुषाची कंबर ९० आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या वर असेल तर काळजीचं कारण आहे, मग अंगातून घामाच्या धारा लागत असोत वा नसोत.

व्यायामाआधी आणि नंतर काट्यावर उभं राहण्याचा एकच शहाणा उपयोग आहे: जेवढं कमी भरलं तेवढं, आणि वर थोडं जास्त, पाणी प्यायचं बाकी आहे हे त्यातून कळतं. ताक किंवा मीठ घातलेलं लिंबूपाणी घेतलं तर घामाबरोबर गेलेलं मीठही भरून निघतं.

व्यायामशाळा चालवणाऱ्यांनी पंखे लावावेत आणि पाण्याचं पिंप दाराशी ठेवावं. आणि आईबापांना माझी विनंती: मुलाला किंवा मुलीला कुस्ती, ज्युडो, बॉक्सिंग शिकायला घालाल तेव्हा फी विचारण्याआधी, इथे वजन कसं उतरवतात ते विचारा. पाणी बंद करून, प्लास्टिक घालून, असं उत्तर आलं तर वस्तादाला नमस्कार करा आणि दुसरी तालीम शोधा.